हिकामाच्या पोटातलं बाळ

मी गेली सव्वीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र आणि नीतिशिक्षण शिकवतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे घडलं ते कळल्यावर लोक नेमकं हेच मला ऐकवतात, आणि तेही हसत हसत. इतिहासाचा मास्तर खोटं बोलला तर कुणी मनावर घेत नाही. गणिताच्या मास्तराला गल्लीत कुणी ओळखतसुद्धा नाही. पण नीतिशिक्षणाच्या मास्तरानं केळ्याचं साल जरी रस्त्यात टाकलं तरी समोरच्या खिडकीतून आवाज येतो, "काय मास्तर, आज कुठला धडा?"

तर विषय आमच्या कुत्रीच्या ऑपरेशनचा.

हिकामा आमची, म्हणजे खरं तर आईची. पांढरी, अंगानं गोल, कान तेवढे तपकिरी. बाजारात तिखट-लिंबू लावून हिकामाचे कंद देतात ना, तसलीच सोललेली दिसते म्हणून आईनं ते नाव ठेवलं. जात विचाराल तर पाचुका शहरातल्या सगळ्या जाती तिच्यात थोड्या थोड्या आहेत. मी सकाळी शाळेत जातो तो दुपार टळल्यावर येतो. तोवर घरात या दोघीच. आई तिच्याशी दिवसभर बोलत असते. मी दारात पाऊल टाकलं की दोघी गप्प होतात, त्यामुळे विषय काय चालला असेल याचा मला अंदाज येतो.

गेल्या वर्षी हिकामाला सहा पिल्लं झाली. आईनं ती दोन महिने सांभाळली आणि मग एकेक करून फाटकापाशी लोकांच्या हवाली केली. प्रत्येक पिल्लाबरोबर एक जुना टॉवेल आणि खाण्यापिण्याच्या सूचनांचा कागद. सहावं पिल्लू गेलं त्या दिवशी आई स्वयंपाकघरात पाठमोरी बसली होती. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, कांदा चिरतेय. घरात कांदा नव्हता.

थोड्या वेळानं म्हणाली, "अन्सेल्मो, याच फाटकातून मी तुझ्या तीन भावंडांना उत्तरेकडे, सीमेपलीकडे पाठवलं. आता ही सहा. बस झालं. माझ्यात आता कुणाला पोचवायची ताकद नाही राहिली. हिचं ऑपरेशन करून आण."

मी बरं म्हणालो. त्यावर ती लगेच, "पण तिला चालत घरी आणायचं. तिच्याशिवाय आलास तर तूही येऊ नकोस."

आई एक्याऐंशी वर्षांची आहे. ती असली वाक्यं गंमत म्हणून बोलत नाही.

मी नऊ-दहा महिने चालढकल केली, कारण गल्लीत सल्ल्यांना तोटा नव्हता. समोरचे रोसेंदोकाका खाणीच्या कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांना जगातल्या सर्व विषयांतलं कळतं, फक्त त्यांच्या बायकोला ते मान्य नाही. ते म्हणाले, "ऑपरेशन केलं की कुत्री उदास होते, मास्तर. भुंकते, पण मनापासून भुंकत नाही." मी विचारलं, मग तुमच्या कुत्र्याला, कैसरला, करून घेणार का? त्यांनी छाती पुढे काढली. "मर्दाला कोण हात लावतो?" शेजारच्या तेंचामावशींचं म्हणणं, आधी अमावास्या-पौर्णिमा बघा, रक्त कमी वाहतं. शाळेतला कवायतीचा मास्तर म्हणाला की त्याच्या मेव्हणीच्या कुत्रीला ऑपरेशननंतर दाढी आली. मी ती कुत्री पाहिली आहे. ती त्या जातीचीच आहे, जन्मतः दाढीवाली. पण तोवर आईनं ते ऐकलं होतं आणि दोन दिवस ती हिकामाची हनुवटी चाचपत होती.

आणि मग जानेवारीत रोस्का आला.

सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, सगळी गल्ली आमच्या घरी जमते. मेलितोन पाववाला रोस्का घेऊन येतो. टेबलभर मोठा, कड्यासारखा गोल, गोड पाव, आणि त्यात दडवलेली बाळ येशूची मूर्ती. ज्याच्या तुकड्यात बाळ निघेल त्यानं दोन फेब्रुवारीला सगळ्यांना तमालेस, म्हणजे मक्याच्या पानात वाफवलेले पिठाचे गोळे, खाऊ घालायचे. इतर बेकऱ्या हल्ली प्लास्टिकची बाळं घालतात. मेलितोन चिनीमातीची घालतो, बोटाच्या पेराएवढी, गालांना गुलाबी रंग लावलेली. त्याच्या आजोबांपासूनची पद्धत. आमच्या रोस्क्यात तीन असतात.

यंदा पहिलं बाळ तेंचामावशींना निघालं, दुसरं रोसेंदोकाकांना. आणि तिसरं माझ्या दाढेखाली टक्क करून वाजलं.

आता माझी बाजू ऐकून घ्या. लागोपाठ तीन वर्षं बाळ मलाच निघालं होतं. तीन वर्षं मी मक्याची पानं भिजवली, पीठ मळलं, आणि तीन वर्षं रोसेंदोकाकांनी पहिल्याच घासाला विचारलं, "यात मिरची घालायची असते, मास्तर, ते ठाऊक आहे ना?" माणसाची सहनशक्ती कुठे तरी संपते. मी ते बाळ हळूच पावाच्या तुकड्यात परत खुपसलं आणि हात टेबलाखाली खिशाकडे नेला. खिशापर्यंत तो पोचलाच नाही. मध्ये हिकामा होती.

एका घासात पाव, बाळ आणि माझी दोन बोटं. बोटं तिनं परत दिली.

"तिसरं कुठंय?" तेंचामावशींनी विचारलं. सगळ्यांनी आपापले तुकडे कुस्करून पाहिले. मीही पाहिला. तेंचामावशी मेलितोनकडे वळल्या. "दोनच घातलीस होय? पीठ मळताना लक्ष कुठे असतं तुझं?"

"तीन घातली," मेलितोन म्हणाला.

"मग उडून गेलं का?"

"बाई, माझ्या हातानं घातली मी. तीन."

"हात आता म्हातारे झाले तुझे."

मेलितोननं कप खाली ठेवला, टोपी घातली आणि निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून तेंचामावशी दोन गल्ल्या पलीकडून पाव आणायला लागल्या. आणि मी काय केलं? मी म्हणालो, "वाद नको, सणाचा दिवस आहे." तेही वर्गातल्या आवाजात.

त्यानंतर अडीच आठवडे हिकामाला मीच फिरायला नेत होतो. आईला वाटलं, पोरगा सुधारला. माझ्या हातात एक बारीक काडी असायची आणि हिकामानं आपलं काम उरकलं की मी इकडेतिकडे बघून उकिडवा बसायचो. वर्गातल्या दोन मुली एकदा तिथून गेल्या आणि "नमस्ते, मास्तर" म्हणाल्या. मी काडी मागे लपवून त्यांना गृहपाठाबद्दल विचारलं. बाळ काही सापडलं नाही. हिकामा खात होती, खेळत होती, भुंकत होती, आणि मनापासून भुंकत होती. शेवटी मी स्वतःला सांगितलं की ते केव्हाच बाहेर पडलं, माझ्याच नजरेतून सुटलं. याला आत्मवंचना म्हणतात. आठवीला आहे, चौथा पाठ.

अशात नगरपालिकेची गाडी भोंग्यावर ओरडत आली. कुत्र्या-मांजरांचं मोफत ऑपरेशन, शनिवार-रविवार, बास्केटबॉलच्या मैदानावर. जनावराला बारा तासांचा उपास, सोबत एक पांघरूण, मालकाचं ओळखपत्र आणि राहत्या पत्त्याचा पुरावा. आई म्हणाली, "आता काय सबब आहे?" माझ्याकडे एक सबब होती, पण ती सांगण्यासारखी नव्हती.

शनिवारी सकाळी मैदानावर पन्नासेक उपाशी कुत्री रांगेत उभी होती, आणि कुणा बहाद्दरानं रांगेला लागूनच गरमागरम पास्ते विकायला गाडी लावली होती. बटाटा आणि मटण भरलेल्या त्या करंज्यांच्या वासानं जे आक्रंदन सुरू झालं ते खाणीपर्यंत ऐकू गेलं असेल. त्यात आमच्या पाचुकाचा वारा. तो नेहमी कुठल्या तरी सरकारी कागदाच्या शोधात असतो. माझ्या ओळखपत्राची प्रत त्यानं कुंपणावर नेऊन चिकटवली. ती काढायला मी गेलो तेव्हा माझा नंबर एका पूडलनं घेतला.

टेबलामागे ओब्दुलियाबाई होत्या. पुढ्यात शिक्के, हातात माईक.

"वीजबिल कुणाच्या नावावर आहे हे? तिबुर्सिओ बार्रिएन्तोस कोण?"

"माझे वडील."

"त्यांना घेऊन या."

"ते चौदा वर्षांपूर्वी वारले."

"मग बिल कोण भरतं?"

"मी."

"चौदा वर्षं मेलेल्या माणसाच्या नावानं?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आमच्या मुलाला नागरिकशास्त्र तुम्हीच शिकवता ना?"

पुढचा अर्धा तास मी तपशिलात सांगत नाही. निष्कर्ष असा निघाला की घर वडिलांचं, वडील नाहीत, म्हणून त्यांच्या विधवेनं स्वतः यायचं, मृत्यूचा दाखला आणायचा, आणि ती त्यांचीच विधवा आहे हे दाखवायला लग्नाचा दाखलाही आणायचा. थोडक्यात, कुत्रीचं ऑपरेशन व्हायचं तर माझ्या आईवडिलांचं लग्न झालं होतं हे मला सिद्ध करायला लागलं. चोपन्नाव्या वर्षी.

घरी आल्यावर आईनं तो दाखला कपाटाच्या तळातून काढला आणि हिकामाला वाचून दाखवला. "हे बघ, तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. हा साक्षीदार म्हणून सही केलेला माणूस लग्नात इतका प्यायला की घोड्याशी नाचला." हिकामानं दाखल्याचा कोपरा चाटला.

संध्याकाळपासून पुन्हा उपास. हिकामाला गल्लीत सगळेच काही ना काही देतात, म्हणून मी तिच्या गळ्यात पुठ्ठ्याची पाटी अडकवली: 'उपास आहे. खायला देऊ नये.' तासाभरात तेंचामावशी रश्श्याचं पातेलं घेऊन दारात. "आजारी आहे होय बिचारी? पाटी वाचून काळजात धस्स झालं. कोंबडीचा आहे, सगळ्यावर चालतो." मी समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, रस्सा म्हणजे खाणं नव्हे. पातेलं रिकामं झाल्याशिवाय त्या हलेनात. शेवटी मी ते आत नेलं आणि हिकामाच्या समोर उभ्याउभ्या स्वतः प्यायलो. तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती अजून आठवते. मावशी जाताना तिच्या गळ्यात लिंबांची माळही घालून गेल्या. कुत्र्याला सर्दीपडसं झालं की आमच्याकडे घालतात, ऑपरेशनला का नको? वर पाटी, खाली अकरा लिंबं. अशा थाटात आमची स्वारी रविवारी मैदानावर पोचली.

आईनं ठेवणीतली काळी शाल पांघरली होती. ती प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली आणि दोन्ही दाखले तिनं टेबलावर असे ठेवले की ओब्दुलियाबाई उठून उभ्याच राहिल्या.

"कुत्रीचं नाव?"

"हिकामा बार्रिएन्तोस."

"आडनाव लागत नाही, आजी."

"का? पोर घरातली नाही का?"

लिहिलं गेलं. रांगेत माझ्या मागे मेलितोन होता, पावाच्या टोपलीत मांजर घेऊन. मी त्याला नमस्कार केला, त्यानं टोपलीकडे बघून केला. त्याच्या मागे, तीन हात अंतर राखून, तेंचामावशी. त्यांचं स्वतःचं जनावर नाही, त्या नुसत्या बघायला आल्या होत्या. आणि त्यांच्यामागे काळा चष्मा लावून, कॉलर वर करून, रोसेंदोकाका. बरोबर कैसर.

"काका, तुम्ही?"

"हळू बोला. बायकोनं नाव घातलंय. कैसरला सांगितलंय की लस आहे."

"क्रमांक एकतीस, हिकामा बार्रिएन्तोस!" माईकवरून आलं.

तंबूच्या दाराशी तपासणीचं टेबल होतं. डॉक्टरीणबाईंनी तोंडावरचा मास्क खाली केला. "मास्तर! ओळखलंत? इत्सेल मोन्रॉय. तिसरी रांग, खिडकीजवळ."

ओळखलं. या मुलीला मी कॉपी करताना पकडलं होतं आणि मग सगळ्या वर्गापुढे कबुलीच्या धैर्याविषयी वीस मिनिटं बोललो होतो. ती ते विसरली असेल अशी मला आशा होती.

"तुमचं ते भाषण अजून आठवतं हां," ती म्हणाली.

तिनं लिंबांची माळ बाजूला केली, हिकामाचे डोळे पाहिले, हिरड्या पाहिल्या, छाती ऐकली. मग पोटावर हात फिरवायला लागली आणि एका जागी थांबली. पुन्हा तिथेच दाबलं. हिकामानं मान वळवून तिच्या हाताकडे पाहिलं.

"मास्तर, गेल्या महिन्याभरात हिनं काही गिळलंय का? हाड, कापड, खेळणं? भूल द्यायच्या आधी मला माहीत पाहिजे. नुसतं पोट कडक केलं असेल तर गोष्ट वेगळी. पण आत काही असेल आणि मी इथे भूल दिली, तर काहीही होऊ शकतं. इथे माझ्याकडे धड सोय नाही."

'नाही' हा शब्द माझ्या जिभेवर तयार होता. फार छोटा शब्द आहे. मागे मेलितोन होता, तेंचामावशी होत्या, सगळी गल्ली होती. शिवाय आता ती म्हणत होतीच की नुसतं कडक झालेलं पोटही असू शकतं. मी हिकामाकडे पाहिलं. टेबलावर ती मला चिकटून उभी होती, जसं काही मी असलो की तिचं कुणी वाकडं करणार नाही. दोरीचं दुसरं टोक खुर्चीवर बसलेल्या आईच्या मुठीत होतं.

"हो," मी म्हणालो. "गिळलंय."

"काय?"

"बाळ."

"कसलं बाळ?"

"रोस्क्याचं," मी शक्य तितक्या हळू म्हणालो.

इत्सेलनं मान वळवून टेबलाकडे सांगितलं, "ओब्दुलियाबाई, शेऱ्यात लिहा, पोटात बाहेरची वस्तू, रोस्क्याचं बाळ." ओब्दुलियाबाईंच्या हातात माईक होता. वारा होता म्हणून त्यांना नीट ऐकू आलं नाही.

"काय लिहू?" भोंग्यातून साऱ्या मैदानावर प्रश्न गेला. "एकतीस नंबरनं कुणाचं बाळ गिळलं?"

पन्नास कुत्री एकदम गप्प झाली. निदान मला तसं वाटलं.

"तिसरं!" तेंचामावशी किंचाळल्या. "अगं बाई, तिसरं!"

मग मी सगळं सांगितलं. आता लपवण्यासारखं उरलंच काय होतं? दाढ, पाव, टेबल, खिसा. रोसेंदोकाकांनी काळा चष्मा काढला आणि मनापासून आनंदित झालेल्या माणसाच्या आवाजात म्हणाले, "म्हणजे नियमानं बघायला गेलं तर बाळ कुत्रीला निघालं. तमालेस तिनंच करायला हवेत. चव सुधारली तर सुधारली." लोक हसले. मीही हसायचा प्रयत्न केला.

मेलितोन हसला नाही. त्यानं टोपली खाली ठेवली होती. "तीन घातली होती," तो म्हणाला. "मी घरी जाऊन डबा उलटा करून मोजली, मास्तर. रोज मोजतो. वाटलं, खरंच विसरायला लागलो की काय. माझा बाप शेवटी शेवटी असंच विसरायचा."

इतका वेळ मला फक्त माझी लाज दिसत होती. या माणसानं अडीच आठवडे स्वतःच्या डोक्यावर संशय घेतला होता, आणि तो माझ्यामुळे. मी त्याचा हात धरला आणि सर्वांसमोर माफी मागितली. तेंचामावशींनीही शालीच्या टोकाशी चाळा करत काहीतरी पुटपुटलं, ते बहुतेक माफीच्या जातीचंच होतं. मेलितोन म्हणाला, "ते सगळं राहू द्या. आधी कुत्रीचं बघा."

इत्सेल म्हणाली, इथे नको, उद्या सकाळी माझ्या दवाखान्यात आणा. आधी एक्स-रे काढू, मग दोन्ही कामं एकाच भुलीत करू. मी विचारलं, धोका किती? ती म्हणाली, "आज तुम्ही बोलला नसतात तर जास्त होता. आता कमी आहे. पण अजिबात नाही असं मी म्हणणार नाही."

आई खुर्चीवरून उठली. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हिकामाला म्हणाली, "चल गं बाई. पोटात दगड घेऊन अडीच आठवडे हिंडलीस आणि याला तोंड उघडता आलं नाही."

तेव्हापासून ती माझ्याशी बोलेना. जे काय असेल ते हिकामामार्फत. "हिकामा, त्याला सांग दिवा मालव." "हिकामा, त्याला विचार उद्या रजा घेणार का." मी मुख्याध्यापकांना फोन केला. त्यांनी कारण विचारलं. खोटं बोलायची आता माझी छाती नव्हती. मी म्हणालो, कुत्रीच्या पोटात बाळ येशू आहे. मग ते म्हणाले, मास्तर, हवी तर आठवडाभर घ्या.

सोमवारी सकाळी मेलितोन आपली पावाची गाडी घेऊन दारात हजर. म्हणाला, टॅक्सीत घेणार नाहीत कुत्रीला. पुढे तो आणि तेंचामावशी. वाटेत उजवीकडे वळायचं की डावीकडे यावरून त्यांचं इतकं कडाक्याचं भांडण झालं की मला बरं वाटलं. बोलत तरी होते. मागे पावाच्या ताटांमध्ये आई, हिकामा आणि मी. ताज्या पावाच्या ढिगात बारा तासांची उपाशी कुत्री. तिनं एकदाही तोंड लावलं नाही. आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिली. ते मला अजिबात आवडलं नाही.

एक्स-रे काचेवर लावला. बरगड्यांच्या खाली, काळ्याकरड्या धुरात, ते होतं. कुशीवर वळलेलं, पाय किंचित दुमडलेले, इतकं स्पष्ट की एक हात वर केलेला दिसत होता. आईनं छातीवर क्रूस केला. आम्ही कुणीच विनोद केला नाही. इत्सेलनं आईच्या हातून दोरी सोडवली आणि हिकामाला आत नेलं. दारातून हिकामानं मागे वळून पाहिलं, ते आईकडे नव्हे, माझ्याकडे. तिला पाव मिळाला होता त्या हाताकडे असेल.

पुढचे दोन तास मी आयुष्यात विसरणार नाही. मेलितोनला दुकान उघडायचं होतं. तो आणि तेंचामावशी गेले. आम्ही दोघं एका बाकावर, मध्ये एका माणसाची जागा सोडून. आई रिकामी दोरी मांडीवर गुंडाळत होती आणि उलगडत होती. मी मनात हिशेब मांडत होतो की काय चुकलं. तमालेसची दोन पातेली वाचवायला मी हे केलं. शाळेत मी मुलांना सांगतो की लहान खोटं मोठं होतं. मोठं झाल्यावर ते कुणाच्या पोटात जाऊन बसतं हे पुस्तकात नाही. मी आईला म्हणालो, "आई, चुकलो." ती भिंतीकडे बघत राहिली. हिकामा परत आली नाही तर उद्या सकाळी मी शाळेत गेल्यावर या घरात आई कुणाशी बोलेल, हा एकच विचार डोक्यात होता, आणि तो माझ्याच्यानं पूर्ण करवत नव्हता.

दार उघडलं. इत्सेलच्या कपाळावर घाम होता. "दोन्ही झालं," ती म्हणाली. "बाळ धुऊन ठेवलंय, नाक जरा उडालंय. हिकामा ठीक आहे. पूर्ण शुद्धीवर येऊ द्या, मग भेटा."

आईनं मान हलवली. मी उठून खिडकीशी गेलो आणि तिथे कांदा चिरत उभा राहिलो, म्हणजे आई चिरते तसा.

बऱ्याच वेळानं हिकामाला बाहेर आणलं. पोटाला पट्टी, गळ्यात प्लास्टिकचं मोठं नरसाळं, डोळे दारू प्यायलेल्या वऱ्हाड्यासारखे. इत्सेल म्हणाली, उचलून घ्या. पण तिला उचलायच्या आतच हिकामा निघाली. एक पाऊल, मग नरसाळं दाराला आपटलं, मग आणखी तीन पावलं, आणि बाकापाशी येऊन आमच्या दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेत तिनं नरसाळ्यासकट डोकं टेकलं. आई तिच्या कानाशी हात घालून काहीतरी बोलत होती. मी तिची पाठ थोपटत होतो.

मग आईनं पिशवी उघडली. रुमालात बांधलेला एक पाव काढला. साधा, कडक सालीचा, रोजचा. कुणी भ्यायलं की आमच्याकडे असा पाव खायला देतात, भीती पोटात बसू नये म्हणून.

"घे," ती म्हणाली. कालपासूनचा तिचा माझ्याशी पहिला शब्द. "कालपासून काही खाल्लं नाहीस तू. मला दिसत नाही असं वाटतं तुला?"

"तू कधी घेतलास हा?"

"सकाळी. मेलितोनच्या गाडीतून."

तिनं पाव मोडला. मोठा तुकडा माझ्या हातात दिला आणि उरलेला स्वतः खायला लागली, घाईघाईनं, एका हातानं तोंड झाकून, अगदी चुरासुद्धा न सांडता. मी बघत राहिलो. इतका वेळ मला वाटत होतं की ती रागावली आहे. ती भ्याली होती. दोन दिवस ती नुसती भ्याली होती, आणि हे मला कळलं नव्हतं.

खाऊन झाल्यावर तिनं रुमाल झटकला, घडी केली. हिकामा नरसाळ्यातून आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होती. तिला संध्याकाळपर्यंत काही द्यायचं नव्हतं.

"हे बघ, अन्सेल्मो," आई म्हणाली, "ते तिघं तिकडे काय खातात, काय गिळतात, मला कुणी सांगत नाही. इथे माझी तुम्ही दोघंच आहात. तुमच्यापैकी कुणीही काही गिळलं, तर मला त्याच दिवशी सांगायचं."

"हो, आई," मी म्हणालो.

"आणि आता ऊठ. तिला चालवत नाही, उचल तिला."

मी उचलली. चांगलीच जड होती.